मिलवॉकीत बाहेर जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी, शिकायला किंवा मुलांकडे राहायला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत आलेली मराठी मंडळी जेवणाबद्दल साधारण हेच प्रश्न विचारतात. बहुतेक जण पहिलं वर्षभर ब्रुकफील्ड या उपनगराकडची भारतीय हॉटेलं आणि सगळ्या अमेरिकेत सारखीच असणारी साखळी हॉटेलं यांच्यातच फिरत राहतात. त्यात गैर काही नाही, पण मग शहर हाती लागत नाही. मिलवॉकी ओळखायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी, घरच्यांना बरोबर घेऊन, कोपऱ्यावरच्या टॅव्हर्नमध्ये फिश फ्राय, म्हणजे तळलेल्या माशाचं ताट, जेवायला जा, असं मी प्रत्येकाला सांगते. पुढची बरीचशी उत्तरं त्याच दिशेने जातील.

टॅव्हर्न म्हणजे शेवटी बारच ना? तिथे मुलांना आणि आई-बाबांना कसं न्यायचं?

खुशाल न्या. आपल्याकडे बार म्हटलं की काळ्या काचा, आत अंधार आणि फक्त पुरुष असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथल्या वस्त्यांमधलं टॅव्हर्न तसं नसतं. श्लिट्झ, पाब्स्ट, मिलर, ब्लाट्झ या इथल्या बिअर कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरभर स्वतःची टॅव्हर्न बांधली. प्रत्येक वस्तीच्या कोपऱ्यावर एक, आणि तिथे फक्त त्या कंपनीची बिअर. कारखान्यातून सुटलेला माणूस तिथे यायचा, बारसं-लग्नाचं जेवण तिथे व्हायचं, युनियनची बैठकही तिथेच. त्यातल्या बऱ्याच इमारती अजून उभ्या आहेत. भिंतीवर किंवा छतावर श्लिट्झची खूण असलेला पृथ्वीगोल दिसला की समजायचं.

आजही संध्याकाळी सहा वाजता अशा ठिकाणी आजी-आजोबा, कडेवरची मुलं आणि कामावरून थेट आलेली माणसं एकाच खोलीत जेवताना दिसतात. ५ जुलै २०१० पासून विस्कॉन्सिनमध्ये हॉटेल आणि बारच्या आत सिगारेट ओढायला बंदी आहे, त्यामुळे धुराचा त्रास नाही.

कायद्याचा एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. दारूविक्री हाच मुख्य धंदा असलेल्या जागी २१ वर्षांखालच्या व्यक्तीला आई-वडील, कायदेशीर पालक किंवा २१ वर्षांवरचा जोडीदार बरोबर असेल तरच थांबता येतं. मामा, काका, मोठा चुलतभाऊ या कायद्यात बसत नाहीत. हॉटेल म्हणून चालणाऱ्या जागांना ही अट नाही. कॉलेजात शिकणारा भाचा बरोबर असेल तर आधी फोन करून विचारून घ्या.

हे फिश फ्राय काय प्रकरण आहे? आणि शुक्रवारीच का?

शुक्रवारी मांस खायचं नाही ही कॅथलिकांची जुनी चाल. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. मिलवॉकीत जर्मन आणि पोलिश कॅथलिक मोठ्या संख्येने आले आणि मिशिगन सरोवरातला मासा स्वस्त होता. मग १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात टॅव्हर्नवाल्यांना गिऱ्हाईक टिकवायला काहीतरी हवं होतं, तेव्हा तळलेला मासा कामी आला. अमेरिकेतल्या बिशपांनी १९६६ मध्ये वर्षभराचा शुक्रवारचा नियम सैल केला, तरी शहराने शुक्रवार सोडला नाही. आज कॅथलिक, लुथरन, ज्यू, कुठलाच धर्म न मानणारे, सगळे येतात.

ताट कसं असतं ते सांगते. लांबट थाळीत बिअरच्या पिठात बुडवून तळलेले कॉडचे जाड तुकडे. तुकडा काट्याने मोडला की वरचं कवच कुरकुरत फुटतं, आत पांढरे पदर सुटतात आणि वाफ येते. बाजूला कागदी वाटीत कोबीचं कोलस्लॉ, लिंबाची फोड, टार्टर सॉस, राय ब्रेडचा तुकडा आणि लोणी. बटाट्याचा प्रकार निवडायचा असतो. फ्राइज मागू नका, त्या कुठेही मिळतात. पोटॅटो पॅनकेक मागा. किसलेल्या बटाट्याचं, कडेने लालसर जाळी पडलेलं धिरडंच ते, फक्त सोबत चटणीऐवजी सफरचंदाचा गोड गर येतो. पहिल्या घासाला हे जमत नाही असं वाटतं, मग सवय लागते.

शहरातल्या लेकफ्रंट ब्रुअरीत शुक्रवारी पोल्का बँड वाजतो, लांब बाकांवर अनोळखी लोकांशेजारी बसायचं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणि लहान मुलांना ते आवडतं. वेस्ट ॲलिसमधलं केगल्स इन १९२४ पासूनचं आहे, तिथली लाकडी भिंतींची जुनी खोलीच पाहण्यासारखी आहे. पण खरं तर तुमच्या घरापासून चालत जाता येईल असं एखादं साधं टॅव्हर्न शोधा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बारटेंडर नावाने हाक मारते, आणि परक्या गावात ते सुख मोठं असतं.

मासा कुठला मागवू? आम्ही कोकणातले आहोत, मासा नुसता तळलेला असून चालत नाही.

मग पर्च मागवा. कॉड समुद्रातला आणि गोठवून आलेला असतो. चांगला असतो, पण त्याला स्वतःची चव कमी. यलो पर्च हा गोड्या पाण्यातला छोटा मासा. दोन्ही बाजू शेपटीपाशी जोडलेल्या ठेवून तो उघडतात आणि पातळ आवरणात तळतात. चव गोडसर आणि नाजूक. तो कॉडपेक्षा महाग का, याला कारण आहे. नव्वदच्या दशकात मिशिगन सरोवरातले पर्च झपाट्याने कमी झाले आणि १९९६ मध्ये विस्कॉन्सिनने आपल्या बाजूची व्यावसायिक पर्चमासेमारी बंद केली. त्यामुळे खिडकीतून सरोवर दिसत असलं तरी ताटातला पर्च बहुधा दुसरीकडून आलेला असतो. वॉलाय आणि ब्लूगिलही मिळतात. वॉलाय भाजलेला मागितला तरी छान लागतो.

हळद-तिखट-कोकमाची अपेक्षा ठेवू नका. लिंबू भरपूर मागून घ्या, टेबलावर तिखट सॉसची बाटली असतेच.

आम्ही शाकाहारी आहोत. आमचं काय?

सोय होते, पण विचारावं लागतं. इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की ताटात मांसाचा तुकडा नसावा एवढाच अर्थ बरेचदा घेतला जातो. कशात काय असतं ते माहीत असलं की प्रश्न नेमका विचारता येतो:

जर्मन पोटॅटो सॅलडमध्ये बेकन असतं. सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, पण तो पुष्कळदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. सूप भाज्यांचं असलं तरी खालचं पाणी कोंबडीचं किंवा बीफचं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही हा मासा असतो. फ्राइज आणि मासा एकाच तेलात तळलेले असण्याची शक्यता शुक्रवारी फार मोठी. मेक्सिकन हॉटेलात वाटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भातात चिकनचं पाणी असू शकतं. थाई, लाओ आणि हमाँग (आग्नेय आशियातून आलेला समाज) जेवणात फिश सॉस असतो, पपईच्या सॅलडमध्येसुद्धा.

हे वाचून घाबरू नका. ‘यात मांसाचं पाणी आहे का? तेल वेगळं आहे का?’ असं सरळ विचारलं तर सर्व्हर स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. संकोच आपल्यालाच असतो.

शाकाहाऱ्यांना मनापासून जेवता येईल अशा जागा म्हणजे इथिओपियन (इंजेरा या आंबवलेल्या, डोशासारख्या पोळीवर वाढलेल्या डाळी आणि भाज्यांची एकत्र थाळी), अरबी आणि भूमध्य पद्धतीची हॉटेलं, आणि बे व्ह्यू वस्तीतलं थ्री ब्रदर्स हे सर्बियन हॉटेल. त्याबद्दल खाली वेगळं लिहिते.

अंडं चालत नाही. इथलं प्रसिद्ध कस्टर्ड खाता येईल का?

नाही. हे नीट सांगायला हवं, कारण आइस्क्रीम समजून अनेक घरांत ते आजीच्या हातात दिलं जातं. फ्रोजन कस्टर्डमध्ये अंड्याचा पिवळा बलक असतोच. अमेरिकी नियमाप्रमाणे किमान १० टक्के दुधाची स्निग्धता आणि किमान १.४ टक्के बलकाचे घनपदार्थ असल्याशिवाय त्याला कस्टर्ड म्हणताच येत नाही. अंडं न खाणाऱ्यांसाठी काही ठिकाणी सॉर्बे (फळांच्या रसाचं गोठवलेलं गोड) मिळतं, तेही विचारून घ्या.

अंडं चालणाऱ्यांनी मात्र हे सोडू नये. यंत्रात हवा कमी मिसळते आणि आइस्क्रीमपेक्षा किंचित कमी गार असताना ते वाढतात, म्हणून जीभ बधिर होत नाही आणि चव लगेच कळते. गिल्स १९३८ पासून, लिऑन्स १९४२ पासून आणि कॉप्स १९५० पासून आहे. कॉप्समध्ये काउंटरच्या मागची यंत्रं दिसतात. त्यांच्या तोंडातून कस्टर्डची जाड लगड संथपणे खाली सरकत असते. तिथे रोज दोन खास स्वाद असतात आणि महिन्याभराची यादी आधीच जाहीर होते. लोक त्या यादीवरून आठवडा ठरवतात. लिऑन्सला रात्री जा, निऑनच्या दिव्यांत ती जागा सुंदर दिसते. माझी पसंती बटर पेकनला. थंडीत, बर्फ पडत असतानाही रांग असते, तेव्हा ‘उन्हाळा येऊ दे’ म्हणून थांबू नका.

चीज कर्ड्स शाकाहारी असतात का?

चीज कर्ड्स म्हणजे न मुरवलेल्या चीजचे छोटे तुकडे. चीज बनवताना दूध फाडायला रेनेट वापरतात. ते वासराच्या पोटातलं असू शकतं, किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं. आज दुसरा प्रकार पुष्कळ वापरला जातो, पण खात्री पाकिटावरच होते. हॉटेलात तळलेल्या कर्ड्सच्या पिठात बिअर किंवा अंडं असू शकतं. ताजे, न तळलेले कर्ड्स मिलवॉकी पब्लिक मार्केटमध्ये घेऊन बघा. ताजे असतील तर दाताखाली कुचकुच वाजतात, एक-दोन दिवसांत तो आवाज जातो.

एखाद्या जुन्या, खास ठिकाणी जायचं असेल तर?

थ्री ब्रदर्स. बे व्ह्यूतल्या एका शांत गल्लीत, श्लिट्झने बांधलेल्या जुन्या टॅव्हर्नच्या इमारतीत हे सर्बियन हॉटेल आहे. माथ्यावर अजून तो पृथ्वीगोल आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांना आणि शेफना पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने त्याला ‘अमेरिकाज क्लासिक्स’मध्ये मान दिला. तिथे बुरेक मागवायचा. पातळ पदरांचा, मोठ्या ताटाएवढा गोल, आत पालक-चीज, नुसतं चीज किंवा बीफ. तो मागणीनंतर भाजायला घेतात, म्हणून अर्धा-पाऊण तास लागतो. बसल्याबरोबर पहिल्यांदा बुरेक सांगून टाका, बाकीचं नंतर ठरवा. एक बुरेक चार जणांत पुरतो. बीफचा नको असेल तर दोनदा स्पष्ट सांगा.

जर्मन जेवणासाठी डाउनटाउनमधलं मेडर्स, १९०२ पासूनचं. तिथे मांसाहाऱ्यांनीच जावं. लग्नाच्या वाढदिवसासारख्या प्रसंगी ब्रॅडी स्ट्रीटवरचं द डिप्लोमॅट. तिथले शेफ डेन बाल्डविन यांना २०२२ मध्ये मिडवेस्टचे सर्वोत्तम शेफ म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला.

ग्लेंडेलच्या सॉलीज ग्रिलचं नाव इथले लोक अभिमानाने घेतात. १९३६ पासून तिथे बटर बर्गर मिळतो, म्हणजे बीफच्या बर्गरवर लोण्याचा भला मोठा गोळा. बीफ न खाणाऱ्यांचा तिथे फारसा उपयोग नाही, पण लोण्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. विस्कॉन्सिनमध्ये हॉटेलात गिऱ्हाइकाने स्वतः मागितल्याशिवाय लोण्याऐवजी पिवळं मार्गारिन (तेलापासून केलेलं लोण्यासारखं) वाढता येत नाही, असा कायदाच आहे. रंग घातलेलं मार्गारिन विकायलाही १९६७ पर्यंत बंदी होती. दूधवाल्यांचं राज्य आहे हे.

आम्ही दारू पीत नाही. टॅव्हर्नमध्ये अवघडल्यासारखं होईल का?

अजिबात नाही. काय घ्यायचं हे माहीत असलं की झालं. रूट बिअर मागा. नावात बिअर असली तरी त्यात दारू नसते. स्प्रेकर ही इथलीच कंपनी, तिच्या रूट बिअरमध्ये मध असतो. मुलांसाठी किडी कॉकटेल मिळतं: लिंबाचा सोडा, लाल सरबत आणि वर चेरी. मोठ्यांनी मागितलं तरी कुणी वळून बघत नाही. पिठात बिअर असलेला मासा नको असेल तर भाजलेला मागा.

पिणाऱ्यांसाठी: इथलं पेय म्हणजे ब्रँडी ओल्ड फॅशन्ड. दुसऱ्या राज्यांत ते व्हिस्कीचं असतं, इथे ब्रँडीचं. संत्र्याची फोड, चेरी, साखर आणि बिटर्स (कडवट अर्काचे थेंब) ग्लासात चेचतात, ब्रँडी ओततात, मग विचारतात, ‘स्वीट, सावर की प्रेस?’ स्वीट म्हणजे वरून गोड लिंबू-सोडा, सावर म्हणजे आंबट सोडा, प्रेस म्हणजे अर्धा गोड सोडा आणि अर्धा साधा. वय दाखवायला मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, केस पांढरे असले तरी.

टीप किती द्यायची? नाही दिली तर?

टेबलावर येऊन वाढत असतील तर १८ ते २० टक्के. ही बक्षिसी नाही, तोच त्यांचा पगार आहे. विस्कॉन्सिनमध्ये टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.३३ डॉलर दिले तरी चालतात. टीप धरून ७.२५ डॉलर भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा, असा नियम. म्हणजे आपण टीप टाळली की आपल्याला तासभर पाणी भरून देणाऱ्या, मुलाने सांडलेलं पुसणाऱ्या माणसाचे पैसे बुडतात. बाहेर जेवायचं बजेट करतानाच टीप धरा. ती परवडत नसेल त्या दिवशी काउंटरवरून घेऊन जा, तिथे एखादा डॉलर ठेवला तरी पुरतो. आपल्या लोकांचा मोठा घोळका जातो तेव्हा हे विशेष सांभाळा. मोठ्या टेबलाच्या बिलात टीप आधीच धरलेली असू शकते, तेव्हा बिल वाचून घ्या.

मेन्यूवरच्या किमतीपेक्षा बिल एवढं जास्त कसं?

मेन्यूत कर धरलेला नसतो. मिलवॉकी शहरात राज्याचे ५ टक्के, काउंटीचे ०.९, शहराचे २ (हे १ जानेवारी २०२४ पासून) आणि हॉटेलातल्या जेवणावरचे आणखी ०.५, मिळून ८.४ टक्के. ६० डॉलरचं जेवण झालं तर कर ५.०४, वीस टक्क्यांनी टीप १२, एकूण ७७.०४. टीप कराआधीच्या रकमेवर मोजतात. ब्रुकफील्डला गेलात तर काउंटी बदलते आणि करही कमी लागतो.

किती वाजता जायचं? टेबल आधी राखून ठेवावं लागतं का?

लवकर जा. हे शहर साडेपाच-सहाला जेवतं, आणि नऊनंतर स्वयंपाकघर बंद झालेलं आढळू शकतं. सोमवारी पुष्कळ हॉटेलं बंद असतात. शुक्रवारी फिश फ्रायला बऱ्याच टॅव्हर्नमध्ये आरक्षण घेत नाहीत, नाव लिहून घेतात आणि पाऊण-एक तास उभं राहावं लागतं. त्या वेळात बारपाशी पेय घेऊन गप्पा मारायच्या, ती वाट पाहणं हाही संध्याकाळचाच भाग. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात गर्दी दुप्पट वाटते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर साडेचारलाच पोचा.

काहीतरी तिखट कुठे मिळेल?

शहराच्या दक्षिणेकडे. वॉकर्स पॉइंट आणि सेझार चावेझ ड्राइव्हच्या आसपास मेक्सिकन हॉटेलं आणि टाको विकणाऱ्या गाड्या आहेत. एल रे या किराणा दुकानातही खायला मिळतं, आणि हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबं स्वस्त मिळतात. विस्कॉन्सिनमध्ये हमाँग लोकांची वस्ती मोठी आहे, कॅलिफोर्निया आणि मिनेसोटानंतरची. त्यांची मिरचीची चटणी आपल्याला लगेच आपली वाटते. उन्हाळ्यात फाँडी बाजारात हमाँग शेतकरी भाजी घेऊन बसतात. हॉटेलचा विषय नसला तरी सांगते, कारण तिथली ताजी कारली सुपरमार्केटात दिसत नाहीत.

गुजराती थाळी किंवा साग्रसंगीत चाट हवा असेल तर शिकागोचा डेव्हन अव्हेन्यू, भारतीय दुकानांचा रस्ता. गाडीने दीड-दोन तास. हायवाथा रेल्वेनेही शिकागोला दीड तासात पोचता येतं, पण स्टेशनपासून डेव्हन लांब आहे.

निवांत बसायला कॅफे?

सरोवराकाठचं कलेक्टिव्हो. नदीतली घाण ढकलून काढायला सरोवराचं पाणी आत सोडण्यासाठी १८८८ मध्ये पंपाची इमारत बांधली होती, त्यातच हे कॅफे आहे. कंपनी १९९३ मध्ये आल्टेरा नावाने सुरू झाली, २०१३ मध्ये नाव बदललं. एक कॉफी घेऊन दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. चहाप्रेमींनी ‘चाय लाटे’कडून घरच्या चहाची आशा ठेवू नये. तो गोड मसाला पाक आणि दूध असतो. काळा चहा मागून दूध वेगळं घ्या.

उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत. बाहेरचं फार खात नाहीत. कुठे नेऊ?

एस्टाब्रूक पार्कचं बिअर गार्डन. नाव ऐकून बिचकू नका. मिलवॉकी नदीकाठी, झाडांखाली लांब लाकडी टेबलं, २०१२ पासून काउंटीच्या बागेत सुरू आहे. घरून डबा आणलेला चालतो. शेजारच्या टेबलावर जर्मन आडनावाचं कुटुंब टेबलक्लॉथ अंथरून स्वतःचं जेवण काढतं, आपण पोळी-भाजी, बटाटेवडे काढायचे. आईंना बाकावर बसून माणसं बघता येतात, मुलं गवतात पळतात, बाबांना हवं तर लिंबू सरबत किंवा प्रेत्झेल. आपल्या डब्याकडे बघून शेजारचे विचारतात, ‘हे काय?’ तेव्हा एक वडा पुढे करा.

गाडी नसेल तर?

डाउनटाउनमध्ये द हॉप ही ट्राम २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. थर्ड वॉर्डमधल्या पब्लिक मार्केटपाशी उतरता येतं. २००५ मध्ये उघडलेल्या त्या मार्केटमध्ये प्रत्येकाला आपापलं घेऊन वरच्या मजल्यावर एकत्र बसता येतं. घरात एक शाकाहारी, एक मासे खाणारा आणि एक नुसता ब्रेड खाणारा असेल तर याहून सोयीची जागा नाही. बाकी ठिकाणी बस किंवा टॅक्सी. गाडी असेल तर रस्त्यावर लावताना पाट्या वाचा. रात्री २ ते ६ रस्त्यावर गाडी ठेवायला परवानगी घ्यावी लागते, आणि बर्फ पडल्यावर रस्त्याची बाजू चुकली तर गाडी उचलून नेतात.

उरलेलं घरी नेता येतं का?

हो, आणि सगळेच नेतात. ‘बॉक्स’ एवढंच म्हणा. तळलेला मासा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, कवच मऊ पडतं. तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर परता. बुरेकही तसाच.